धसक्याची उशी

तुम्ही चोर आहात. हे आधी तोंडावर सांगायचं आणि मगच गोष्टीला लागायचं. 'कऱ्हाड ते पुणे तासाभराच्या आत! ना चालक, ना टोल, ना अपघात!' अशा फलकांनी तुम्ही अख्खा जिल्हा रंगवलात. माणसांना दुसरी वाट राहू नये म्हणून जुना रस्ता ट्रकांना देऊन टाकलात. आणि नव्या शीघ्रमार्गावरच्या प्रत्येक गाडीत, डोकं टेकायच्या जागी, एक राखाडी उशी बसवलीत. त्या उशीबद्दल फलकांवर एक अक्षर नव्हतं.

तुमच्या दप्तरी तिचं नाव 'संवेद-आधार'. लोकांनी चार दिवसांत तिला धसक्याची उशी करून टाकलं. तिला डोकं टेकलं की मधूनच छातीत धस्स व्हायचं. समोर रस्ता मोकळा, गाडी आपली आपण चाललेली, आणि तरी जिन्याची पायरी चुकावी तसं पोटात काहीतरी खाली जायचं. क्षणभरच. मग परत सगळं ठीक. लोकांनी त्यावर विनोद केले, शिव्या दिल्या आणि सवय करून घेतली. माणूस कशाचीही सवय करून घेतो. तुमचा सगळा धंदाच त्यावर उभा होता.

वैजयंती थोरात त्या उशीला डोकं टेकून पाच वर्षं रोज पुण्याला जात-येत होती. ती कामगार न्यायालयात वकील. नवरा श्रीरंग, त्याचं कऱ्हाडात चष्म्यांचं दुकान. मुलगी केतकी, सहा वर्षांची.

एका रविवारी दुपारी श्रीरंग वाळत घातलेल्या सांडग्यांवरचं फडकं सारखं करायला गच्चीवर गेला आणि दारातच थिजला. केतकी कठड्यावरून चालत होती. दोन्ही हात पसरून, सर्कशीतल्या बाईसारखी. खाली तीन मजले आणि मग फरशी. वैजयंती शेजारीच खुर्ची टाकून बसली होती. मांडीवर खटल्याचं बाड, हातात चहा.

श्रीरंगने ओरडणं गिळलं. ओरडलं तर पोर दचकेल. तो दबक्या पावलांनी गेला, तिला कमरेत धरलं, खाली उतरवलं. आणि मग तो मटकन सांडग्यांवरच बसला.

"बाबा, मोडले सगळे!" केतकी म्हणाली.

"वैजू, तुझं लक्ष कुठं होतं?"

"तिच्याकडेच. बघत होते की. छान तोल सांभाळते ती."

"अगं, पडली असती!"

वैजयंतीने खरोखर विचार केला. "हो, पडू शकली असती," ती म्हणाली आणि चहाचा घोट घेतला.

तिचं पोरीवर प्रेम नव्हतं असं कोणी म्हणू नये. रात्री केतकीला कुशीत घेतल्याशिवाय तिला झोप येत नसे. श्रीरंगला जे दिसलं ते वेगळंच होतं. त्या चेहऱ्यावर प्रेम होतं, शहाणपण होतं, फक्त एक गोष्ट नव्हती. तिला नाव काय द्यावं ते त्याला सुचेना.

मग एकेक आठवायला लागलं. पूर्वी ती निघताना 'येते' म्हणायची. 'जाते' असं कोणी म्हटलं तरी अंगावर काटा यायचा तिच्या. आता सरळ 'जाते रे' म्हणून लिफ्टचं बटण दाबायची. पूर्वी पोचल्या पोचल्या फोन यायचा. तो बंद झाला त्यालाही दोन वर्षं झाली होती. श्रीरंगला वाटलं होतं, बरं झालं, बायको धीट झाली. आणि झालीच होती. पहिल्या वर्षी न्यायाधीशांपुढे जिचे हात थरथरायचे, ती आता मालकांच्या बड्या वकिलांना कोर्टात घाम फोडायची. शीतगृहात काम करून बोटं गमावलेल्या सत्तर बायकांचा खटला तिने एकटीने ओढत शेवटच्या सुनावणीपर्यंत आणला होता. घरी धमक्या आल्या, तेव्हा तिने त्या केतकीला चांदोमामाच्या गोष्टीसारख्या वाचून दाखवल्या होत्या.

डॉ. निवेदिता गुर्जर चष्म्याचा नंबर बदलायला दुकानात आल्या, तो श्रीरंगला योगच वाटला. ती उशी बनवणाऱ्यांत बाई होत्या, हे गावाला ठाऊक होतं. मार्ग सुरू झाला आणि त्या नोकरी सोडून नदीकाठी राहायला आल्या, हेही ठाऊक होतं. का सोडली, ते कोणी विचारलं नव्हतं.

"खालची ओळ वाचा," श्रीरंग म्हणाला.

"धूसर आहे."

"आता?"

"आता बरं."

"डॉक्टर, ती उशी काय करते?"

तपासणीच्या जड चौकटीआडून बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "हा डोळे तपासायचाच भाग का?"

"नाही. माझ्या बायकोचा प्रश्न आहे." आणि त्याने गच्चीवरची हकीकत सांगितली.

बाईंनी चौकट उतरवली नाही. तशाच बोलत राहिल्या. मेंदूत खोलवर, दोन्ही बाजूंना, बदामाएवढी एकेक गाठ असते. धोका आपल्याला कळायच्या आधी तिला कळतो. वळणापलीकडे काहीतरी चुकतंय, शेजारची गाडी जरा विचित्र हलली, हे आपण मनात म्हणेपर्यंत गाठीने घंटा वाजवलेली असते. यंत्राला शंभर डोळे देता येतात, पण भीती देता येत नाही. म्हणून ती उसनी घ्यायची ठरलं. उशी प्रवाशाच्या गाठीची घंटा ऐकते आणि आजूबाजूच्या सगळ्या गाड्यांना कळवते. हजारो माणसांचे धसके एकत्र जोडले की रस्त्याला स्वतःची भीती मिळते, आणि घाबरणारा रस्ता अपघात होऊ देत नाही.

"ऐकतेच ना फक्त?" श्रीरंग म्हणाला. "मग बिघडलं कुठं?"

"घंटा फार बारीक असते हो. कवटीबाहेरून ऐकू यायची तर आधी मोठी करावी लागते. त्यासाठी उशी गाठीला डिवचते. धोका असो-नसो, सारखी. आता तुमच्या दारावरची घंटा कोणीतरी दिवसभर वाजवतंय आणि दार उघडलं की बाहेर कोणीच नाही, असं वर्षानुवर्षं चाललं तर तुम्ही काय कराल?"

"उठायचंच सोडीन."

"गाठ तेच करते. आम्ही त्याला भयक्षय म्हणायचो. भय झिजत जातं. आधी बारीकसारीक, मग मोठं."

"म्हणायचो? म्हणजे माहीत होतं तुम्हाला?"

"होतं." बाईंचा आवाज चढला. "आणि जुन्या रस्त्याच्या घाटात दरसाल किती माणसं मरायची, तेही माहीत होतं, श्रीरंगराव. आता एकही मरत नाही. हे तराजूत टाकून बघा आणि मग मला बोला."

"तिने जाणं सोडलं तर येईल परत?"

"थोडं येईल. दोनेक वर्षांत. पण ती सोडणार नाही. रोजचा हा प्रवास परवडतो की नाही हे ठरवायला काय लागतं? काय गमावू, याची भीती लागते. तिच्याकडे ते पारडंच उरलेलं नाही. कितीही तोला, तिचं उत्तर एकच येणार."

श्रीरंगने त्याच संध्याकाळी विषय काढला. वैजयंती गवार मोडत बसली होती. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे माझी भीती गेली, आणि ती परत यावी म्हणून मी घरी बसावं."

"दोन वर्षं फक्त."

"आणि त्या बायका? त्यांना काय सांगू? तुमच्या वकिलीणबाई घाबरायला शिकायला गेल्यात?" ती हसली. "श्रीरंग, तू कधी बाई होऊन संध्याकाळी स्टँडवर उभा राहिलायस? मी लहानपणापासून भ्यायले रे. काकांना, मास्तरांना, तुझ्या आईला. मरेपर्यंत तेच करणार होते. ती भित्री बाई मेली माझ्यातली, तर सुतक तू कशाला पाळतोस?"

श्रीरंगने समोरची गवारीची एक शेंग उचलून मोडली.

"पण केतू?" एवढंच तो म्हणाला.

"तिला जप तू. जपतोसच की."

आणि तो जपत राहिला. दोघांच्या वाटणीचं एकटा भ्यायला लागला. दुकानात भिंग घासताना मध्येच उठून शाळेत फोन करायचा. खिडक्यांना जाळ्या बसवल्या, गच्चीला कुलूप घातलं. केतकी शिंकली तरी हा ताप मोजायला धावायचा. झोप उडाली, वजन उतरलं. गिऱ्हाइकं म्हणायला लागली, "थोरात, दुसऱ्यांचे डोळे तपासता, जरा स्वतःची तब्येत दाखवा कोणाला."

मग तुमचा निरोप आला. वैजयंतीने तो जेवताना, गंमत म्हणून सांगितला. तिच्या उशीला आता काहीच ऐकू येत नाही. जिच्याकडून रस्त्याला काही मिळत नाही, तिला शीघ्रमार्गावर प्रवेश नाही. पण तुम्ही दयाळू. कुटुंबातलं कोणी शेजारी बसत असेल, तर दोघांनाही प्रवेश खुला. लहान मूल असेल तर उत्तम. लहान मुलांची घंटा ताजी असते आणि खणखणीत वाजते.

"कोर्टाच्या मागेच चांगली शाळा आहे," वैजयंती भाताचा घास घेत म्हणाली. "केतूला रोज घेऊन जाते. माझी सही पुरते त्यांना."

"तू शुद्धीवर आहेस का?"

"तिला होणार काय आहे? माझ्यासारखी होईल. एक मुलगी कशालाच न भिता वाढली, तर त्यात वाईट काय, सांग ना."

ती भांडत नव्हती. तिला उत्तर हवं होतं. केतकी आळीपाळीने दोघांकडे बघत होती, आणि श्रीरंगला दिसलं की पोर बापाचा चेहरा बघून घाबरलीय, आईचा बघून नाही.

"मी बसतो तुझ्याशेजारी," तो म्हणाला.

"आणि दुकान?"

"राहू दे बंद."

पहिल्या दिवशी केतकीला शेजारच्या मोहितेकाकूंकडे सोडून तो गाडीत बसला. उशीला डोकं टेकलं. गाव मागे पडतं न पडतं तोच पहिला धसका बसला, आणि त्यात त्याला रस्ता दिसलाच नाही. केतकी दिसली. नदीच्या घाटावरून घसरताना. दुसऱ्या धसक्यात ती तापाने फणफणली होती. तिसऱ्यात गर्दीत तिचा हात सुटला होता. माणूस आपल्यापाशी जी भीती सगळ्यात जास्त असेल तीच देतो, हे डॉ. गुर्जरांनी सांगितलं नव्हतं. कदाचित त्यांनाही ठाऊक नसेल. पोर घसरली की पुढची गाडी वेग कमी करायची. पोर तापली की मागची रांग अंतर ठेवायची. आजूबाजूच्या काचांआड चेहरे होते, कोणाचा बाप, कोणाची आई. उशीवर डोकं टेकून सगळे एकदम दचकायचे आणि पुन्हा मोबाइलमध्ये बघायचे. ज्या रस्त्यावर कोणी मरत नाही, तो रस्ता कशावर चालतो हे श्रीरंगला तेव्हा कळलं.

"सवय होईल," वैजयंतीने त्याच्या हातावर हात ठेवला. खूप मायेने ठेवला.

त्याला नेमकी त्याचीच भीती वाटली. आणि उशीने तीही ऐकून घेतली.

श्रीरंगच्या भीतीची पुंजी किती दिवस पुरेल, हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. तुमच्यापाशी सगळ्यांचं मोजमाप असतं. ती संपली की तुमचा दुसरा निरोप येईल, पुन्हा दयाळूपणे पोरीचंच नाव सुचवणारा. तेव्हा तो वाचून आईला काही वाटणार नाही आणि बापालाही वाटणार नाही. मग त्या घरात केतकीसाठी भ्यायचं कोणी? रस्ता बांधणाऱ्यांनो, तुमच्यातलं कोण त्या घरी जाऊन बसणार आहे? नाव सांगा.