भिंतीआडची घाण

"ईऽऽ! माझ्या हाताला काहीतरी बुळबुळीत लागलं!" शेंडेफळ जिन्यात किंचाळलं.

ताई धावत आली. तिच्यामागे सुट्टीला आलेला आत्तेभाऊ. दिसेल ते मोजत सुटायचा, म्हणून त्याचं नाव मोजपट्टी!

दोन भिंतींमधून वर चढणारा तो जिना भुयारासारखा कोंदट होता. हॉलकडची भिंत पाडून तो मोकळा करायचं बाबांनी ठरवलं होतं. पण सकाळीच ठेकेदाराने मान हलवली होती. "ही भिंत पाडू नका, साहेब. अख्खं घर हिच्यावर उभं आहे. मी वरून छान लाकडी फळ्या ठोकून देतो."

शेंडेफळाची बोटं तपकिरी चिकट्याने माखली होती. त्या घाण वासाने ताईने तोंड फिरवलं. तेवढ्यात भेगेतून एक झुरळ मिशा हलवत बाहेर आलं. मागून आणखी तीन!

"शी! शी! शी!"

"उंदीर मेलाय म्हणे. ठेकेदारकाका सांगत होते," शेंडेफळ म्हणालं.

"चार महिने एकच उंदीर मरतोय का?" ताई फणकारली.

मोजपट्टीने एका हाताने नाक दाबलं, दुसऱ्याने टेप लावली. "ताई, दाराजवळ भिंत नऊ इंच जाड आहे. आणि इथे चांगली सत्तावीस इंच!" त्याने टकटक केलं. ढब् ढब् आवाज आला. "आत पोकळ आहे! हिच्या वर काय आहे गं?"

"नवं बाथरूम. गेल्या वर्षी याच काकांनी बांधलेलं!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग ताईने आईकडे घराचा नकाशा मागितला, आणि जाता जाता कपड्यांच्या निळीची बाटलीही उचलली.

दुपारी ठेकेदार फळ्यांची मापं घ्यायला आला. बाबा शेजारी उभे होते. वर ताईने बाथरूमच्या मोरीत अख्खी बाटली रिकामी केली आणि त्यावर दोन बादल्या पाणी ओतलं.

"बाबा, भिंतीकडे बघा!" मोजपट्टी ओरडला.

भेगेतून निळा ओघळ खाली येत होता.

"ओल आहे हो. जुन्या घरात येतेच," ठेकेदार पुटपुटला.

"निळी ओल?" शेंडेफळाने विचारलं.

आईने नकाशा उलगडून धरला. "आणि ही नुसती आडोशाची भिंत आहे. घराचा भार हिच्यावर नाहीच!"

"फोडा," बाबा म्हणाले. "आत्ताच्या आत्ता!"

ठेकेदारासोबत आलेल्या गवंड्याने चार विटा काढल्या मात्र, सगळे नाकं दाबून मागे हटले. आत दोन पाइप जोडलेलेच नव्हते! मधल्या फटीत चिंध्या कोंबल्या होत्या. खाली काळा गाळ, त्यात वळवळणाऱ्या अळ्या, सिमेंटची रिकामी पोती आणि बुरशी आलेले जेवणाचे डबे. शेंडेफळाला तर ओकारीच आली.

बाबांनी आत हात घालून पायऱ्यांखालची लाकडी तुळई चाचपली. ओल्या भुशासारखा तिचा लगदा हातात आला. त्यांनी तो ठेकेदारापुढे धरला. "याच पायऱ्यांवरून पोरं दिवसभर उड्या मारतात!"

"घाईत राहून गेलं, साहेब..."

"राहून गेलं नाही. तुम्ही विटा रचून ते लपवलंत. आता ही घाण तुम्ही स्वतः उपसायची!"

जिन्याला खालून टेकू दिले. पाइप नीट जोडले. ठेकेदार नाकाला फडकं बांधून घमेल्यामागून घमेली बाहेर नेत राहिला. संध्याकाळपर्यंत भिंत गेली आणि हॉलमधला उजेड थेट वरच्या पायरीपर्यंत पोचला.

"मला वास येत होता, पण मी सुगंधी फवारे मारत बसलो," बाबा ओशाळून म्हणाले. "तुम्ही मात्र त्याचा पिच्छा पुरवलात. शाब्बास, वाघांनो! आज तुम्ही सगळ्यांना वाचवलंत."

ते पाठ थोपटायला पुढे झाले. तिघंही टुणकन मागे उडाली.

"बाबाऽऽ!" ताई किंचाळली. "आधी हात धुऊन या!"