बस्त्यावचं प्रेत

वसईच्या कोटावर उजाडलं तेव्हा खाडीवर धुकं होतं, आणि ठाण्याच्या दारात बस्त्याव आगऱ्याचं प्रेत तिरडीवर कुजू लागलं होतं. मराठी अंमलात गावच्या किरिस्तावांचं देऊळ, म्हणजे चर्च, शाबूत राहिलं होतं. पण ते कोणाच्या ताब्यात, यावर गोव्याचे फादर गास्पार आणि मुंबईहून आलेले फादर आंजेलो भांडत होते. जो पाद्री मयताची प्रार्थना म्हणेल त्याचा देवळावर कब्जा, अशी गावची वहिवाट; म्हणून दोघांनीही एकमेकांना अडवून धरलं होतं.

ठाणेदार बाळकृष्णपंतांनी नाकाला उपरणं लावून विचारलं, "तुमच्या पोपसाहेबांचा हुकूम चालतो तरी कुठवर?"

"साऱ्या जगावर," आंजेलो म्हणाले. "संत पीटरची गादी आहे ती. मला तिनेच पाठवलं."

"त्याच गादीने इथले पाद्री नेमायचा हक्क पोर्तुगालच्या राजाला दिलाय," गास्पार उसळले. "दिलेलं दान परत घेतात का?"

"देणारा घेऊ शकतो."

"मग पोपच्या शब्दाला किंमत काय उरली?"

पंतांना एकाच्या मागे इंग्रज दिसत होता, दुसऱ्याच्या मागे पोर्तुगालचा फिरंगी. दोघांनाही न दुखवता ते म्हणाले, "पुण्याहून हुकूम येईतो कब्रस्तानाला सरकारी मोहोर."

तिरडीवरच्या माशा हाकत बसलेली बस्त्यावची विधवा नातालीन उठली. "पाद्रीबाबा, पोप तुम्हा दोघांचा एकच ना? माझ्या माणसाला किडे पडू द्या, असं त्यानं सांगितलंय?"

"बाई, हा अधिकाराचा प्रश्न आहे," दोघंही एकदमच बोलले.

"मग अधिकार सांभाळा. मी माणूस नेते."

खांदेकरी पुरुष पाद्रींकडे बघत उभे राहिले. तेव्हा नातालीनने पुढचा दांडा खांद्यावर घेतला, मागून तिच्या जावा आल्या, आणि बाईने मयताला खांदा देऊ नये ही रीत मोडून त्यांनी तिरडी कब्रस्तानाच्या फाटकाशी पोचवली. शिपायाने भाला आडवा धरला. तिने तो हाताने बाजूला सारला, दगडाने मोहोर फोडली, आणि बायकांनी कुदळी चालवून बस्त्यावला पवित्र मातीत ठेवलं. प्रार्थना तिनेच म्हटली, तुटक, चुकत.

ठाणेदाराने तिला धरलं नाही. दारातली दुर्गंधी गेली, एवढंच त्याला पुरे होतं. दोन्ही पाद्रींनी मात्र तिला धर्मबाह्य ठरवलं. त्या एकाच गोष्टीवर त्यांचं एकमत झालं.

पुढे देऊळ कधी गोव्याकडे गेलं, कधी मुंबईकडे. प्रत्येक नवा पाद्री तिच्या अंगणात येऊन माफी मागायला सांगे.

"मागते की," ती भाताची रोपं जुडीत बांधता बांधता म्हणे, "गुडघे कोणापुढे टेकायचे ते आधी आपसांत ठरवून या."

ते तिच्या हयातीत ठरलं नाही. तिलाही बायकांनीच पुरलं.