उलटं भरलेलं रीळ

इंदापुरात माझं मोटारी भरायचं दुकान आहे. जळालेली तार काढायची, फेरे मोजून नवी भरायची. मोटार उलटी फिरली तर दोन वायरी अदलाबदल करायच्या, विषय संपला. भुताखेताच्या गप्पा मारणाऱ्याला मी दुकानात उभं करत नाही.

माझे वडील, गेणबा. घरात सगळे आप्पा म्हणतात. अर्धांगाचा झटका आल्यापासून दोन वर्षं त्यांचं तोंड बंद होतं. माळ्यावर त्यांचं गळाचं पितळी रीळ सापडलं. धरणाच्या कामावरच्या कुण्या साहेबानं दिलेलं. आजची प्लॅस्टिकची रिळं म्हणजे खेळणी. याला वजन होतं, फिरवलं की करकर बोलायचं. त्या आवाजानं आप्पांनी मान वळवली.

मी ते घासलं, तेल घातलं, नवा तंगूस, म्हणजे गळाची नायलॉन दोरी, भरला. मोटारी भरायच्या सवयीनं, घाईघाईत. आधीचा तंगूस कुठल्या बाजूनं गुंडाळलेला होता, ते बघितलंच नाही.

रविवारी सकाळी त्यांना उजनीच्या काठाला नेलं. त्यांचं जुनं गाव त्याच पाण्याखाली आहे. मी गळ टाकला, रीळ त्यांच्या हातात दिलं. त्यांनी हळूहळू गुंडाळलं.

"मोठा हाय," आप्पा म्हणाले.

गळ रिकामाच आला. पण मी तिथंच बसून रडलो.

त्या दिवशी जेवताना माझी बायको वृषाली म्हणाली, "आप्पांचा पुढचा दात बघा."

पडलेला दात जागेवर होता.

दुसऱ्या रविवारी ते काठीशिवाय चालले. तिसऱ्या रविवारी केस काळे. आता आप्पा गावातल्या माणसांबद्दल बोलायचे. सगळी मेलेली माणसं. "महिपतीनं बैल विकला का रं?" महिपती मी जन्मायच्या आधी गेलेला.

जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांनी आमच्या ओसरीवर येऊन बसावं.

मी उलटा भरलेला तंगूस उपसून सरळ बाजूनं भरला. काही फरक नाही. मग ओसरीवर दिवसभर फिरवत बसायचे ते रीळच त्यांच्या हातातून काढून घेतलं. आप्पांनी निमूट दिलं.

त्यांचा रिकामा हात फिरतच राहिला.

करकर येतच राहिली.

मी मनगट दाबून धरलं. तरणा, घट्ट हात. थांबला नाही.

माझ्या जन्मानंतर जत्रेत त्यांनी दंडावर माझं नाव गोंदवून घेतलं होतं. मी बाही वर सारली. कातडी कोरी होती.

"आप्पा, मी राम."

"कोण राम? पाव्हणं, कुठल्या गावचं तुमी?"

"तुमचा पोरगा."

ते खळखळून हसले. "चेष्टा करता व्हय? आमचं अजून लगीन न्हाय."

वृषाली चहा घेऊन बाहेर आली. आप्पांची कपबशी तिनं हातात दिली. माझी लांब, जमिनीवर ठेवली, आणि परक्या माणसासमोर ओढतात तसा मान खाली घालून डोक्यावर पदर ओढून घेतला.