नऊशे बारा लाइक्सची श्रद्धांजली

माझा मावसभाऊ योगेंद्र मागच्या मार्चमध्ये वारला.

ते सोडा. तसं काही झालंच नाही. तो ठणठणीत होता.

पण ही घटना शंभर टक्के खरी आहे. जबलपूर, रांझी, फॅक्टरीचे क्वार्टर. रविवार, दुपारचे साडेबारा. ही काही भुताटकीची वेळ नाही, म्हणून कोणी सावध नव्हतं.

योगेंद्र स्वभावाने गरीब, पण मोबाइल हातात आला की पिसाळायचा. समाजाच्या ग्रुपवर सगळ्यांशी भांडण. एका बारशाच्या फोटोखाली त्याने लिहिलं होतं, "नाक बापाचं नाही."

त्यापायी त्याच्या बहिणीचं, समृद्धीचं, नागपूरचं स्थळ अडकलं. हल्ली मुलाकडचे पत्रिकेआधी कमेंटी बघतात.

त्या रविवारी त्याचा वाढदिवस. मी गंमत म्हणून त्याच्या फोटोला हार चढवून ग्रुपवर टाकला.

'भावपूर्ण श्रद्धांजली.'

दहा मिनिटांत दोनशे कमेंटी.

"हसतमुख, मनमिळाऊ."

"समाजाचा हिरा गेला."

हिरा माझ्यासमोर पोहे खात होता.

"काढ बे ते," तो हसत म्हणाला.

"काढतो ना. चारशे होऊ दे."

तेवढ्यात नागपूरहून फोन आला. मुलाकडचे रडत होते. भाऊ इतका गुणी होता हे त्यांना माहीतच नव्हतं. स्थळ पक्कं! घरात मयत झालं की लग्न वर्षाच्या आत उरकतात, म्हणून तारीखसुद्धा वीस दिवसांवरची.

इंदिरा मावशीने डोळे पुसले. "राहू दे पोस्ट. लग्नापर्यंत काय फरक पडून राहिला?"

"आई, मी जिंदा आहो ना!"

"हो रे राजा. पण बहिणीसाठी एवढंही करणार नाहीस?"

तिसऱ्या दिवशी सुरू झालं...

आधी त्याच्या चपलांचा आवाज गेला. तो चालायचा, पण फरशी वाजायची नाही.

मग मावशीने चहा ओतला... चार कप. आम्ही पाच जण होतो.

कोणालाच चुकल्यासारखं वाटलं नाही.

"भाऊ, काढ ना ती पोस्ट." तो माझ्या कानाशी बोलला. आवाज मात्र मागच्या गल्लीतून आला. "मी खाली लिहिलं, मी जिंदा आहो. तर लोक म्हणतात, मेलेल्याच्या नावाने चाळे करू नका. माझंच खातं बंद केलं."

खरं सांगतो, माझं बोट डिलीटवर होतं.

पण तोवर नऊशे बारा लाइक्स झाले होते. त्याआधी आयुष्यात माझे सर्वांत जास्त एकतीस.

"लग्न होऊ दे," मी म्हणालो.

तो काही बोलला नाही. किंवा बोलला असेल...

लग्नात घरच्यांचा फोटो काढला. योगेंद्र समृद्धीच्या बाजूला उभा होता. मी पाहिलं. फोटोत तिथे...

जागा आहे.

एका माणसाएवढी. आणि त्याच्या वडिलांचा, भाऊरावांचा हात हवेत, कोणाच्या तरी खांद्यावर ठेवल्यासारखा.

त्या दिवसानंतर तो दिसलेला नाही.

मी पोस्ट काढली. सकाळी परत होती. पुन्हा काढली. परत होती. आणि काल खाली नवी कमेंट आली, बंद झालेल्या खात्यावरून...

"झालं ना लग्न? आता काढ."

मावशीला दाखवलं. ती म्हणाली, "काहून जुनं उकरून राहिला? असा गुणी पोरगा होणे नाही." आणि कमेंटला हात जोडले.

ग्रुपचे ॲडमिन नारायणराव म्हणाले, लेखी द्या. दिलं.

"प्रति, माननीय ॲडमिन महोदय. सविनय विनंती की, कै. योगेंद्र भाऊराव यांना मागील तारखेपासून जिवंत समजण्यात यावे, त्यांच्या नावामागील 'कै.' तात्काळ हटवावे, आणि तसे त्यांच्या आईस कळवावे."