वाकड्या पत्र्यांची खोली

लोकर आवाज शोषून घेते, हे शेंबडं पोरही सांगेल. मग या घुमणाऱ्या प्रयोगखोलीत ती का शोषत नव्हती? यंत्रमानव ठोंब्या आवाज सोडायचा, तो विरायला किती वेळ लागतो ते मोजायचा आणि दरवेळी म्हणायचा, "नापास."

शाल्मलीचा चेहरा पडला. कानात श्रवणयंत्र असूनही शाळेच्या सभागृहात तिला सगळ्या शब्दांचा नुसता काला ऐकू यायचा. तिथे बसवायला तिच्या आजीने, म्हणजे ध्वनिशास्त्रज्ञ डॉ. उषा खांबेट्यांनी, लोकरीचे जाड तक्ते बनवले होते. ते पास झाले नाहीत तर शाल्मलीला शाळा सोडावी लागणार होती.

आजीने ठोंब्याच्या हातात दोन मायक्रोफोन दिले आणि त्यांच्यातलं अंतर हळूहळू वाढवायला लावलं. आवाज सगळ्या दिशांनी सारखाच येत असेल (याला विसरित ध्वनिक्षेत्र म्हणतात), तर अंतर वाढेल तसा दोन्हींचा सहसंबंध (एकाने टिपलेल्या लहरींचा दुसऱ्याशी असलेला मेळ) ओसरत जातो. किती ओसरायला हवा, हे गणिताने आधीच काढता येतं. इथे मात्र मेळ सुटतच नव्हता. म्हणजे आवाज या भिंतीवरून त्या भिंतीवर, एकाच आडव्या रेषेत ये-जा करत होता. जमिनीवर अंथरलेल्या लोकरीकडे तो फिरकतच नव्हता.

आजीने वर पाहिलं. छताला टांगलेले पत्रे कवायतीला उभे राहावेत तसे सरळ रांगेत होते.

"ते मी सकाळी नीट लावले," शाल्मली पुटपुटली. "सगळे वेडेवाकडे लटकत होते. म्हटलं, तुला तेवढीच मदत."

आजीला हसू आवरेना. "अगं, ते मुद्दामच वाकडे टांगलेत. आवाज त्यांच्यावर आपटून चहूकडे पांगतो, तेव्हा कुठे मोजमाप खरं येतं."

दोघींनी शिडी लावून पत्रे पुन्हा वाकडे केले. आता मेळ गणिताबरहुकूम ओसरला, आवाज लोकरीत मुरला आणि ठोंब्या "पास" म्हणाला. आजी वर्षभर आपल्यासाठी खपत होती, या विचाराने शाल्मलीला भरून आलं. तिने आजीला घट्ट मिठी मारली.

पुढच्या महिन्यात, तक्ते बसवून झाल्यावर, शाल्मली सभागृहात पहिल्या रांगेत बसली होती. बाईंनी अगदी मागच्या दारातून हळूच विचारलं, "शाल्मली, ऐकू येतंय का गं?"

बाईंचे ओठ तिला दिसत नव्हते. तरी मान न वळवता ती म्हणाली, "हो बाई, येतंय."