धायटीला कुणीही पाणी घालायचं नाही!

झाड पाण्यात उभं आणि तहानेनं मरतंय! असं कधी ऐकलंय? आमच्या शाळेत झालं. कसं झालं ते सांगते, पण मध्ये कुणी हसायचं नाही. मला अजून राग येतो.

मी केतकी कोळेकर, इयत्ता सातवी. माझ्या नाकावर राग असतो असं घरीदारी सगळे म्हणतात. असतोच मुळी! साल २०६८ उजाडलं तरी आमच्या माणदेशात पाऊस तेवढाच, चिमूटभर. मार्च आला की माळावर हिरवं म्हणून काही उरत नाही. फुलते ती एकटी धायटी. हे बहुवर्षायू (वर्षानुवर्षं जगणारं) झुडूप आमच्या शाळेच्या अंगणात आहे, आणि त्याला फांदीभर लाल फुलं लागतात.

त्या फुलांसाठी शिंजीर येतात. शिंजीर म्हणजे बोटाएवढा पक्षी, नर उन्हात जांभळा-निळा चमकतो, चोच बारीक आणि बाकदार. यंदा शिंजिरांच्या जोडीनं व्हरांड्यातल्या दिव्याच्या वायरला घरटं टांगलं होतं. आत दोन पिल्लं. जवळपास मधाचं दुसरं झाडच नव्हतं, त्यामुळे त्या घराचा सगळा भार धायटीवर.

आणि ऐन त्याच वेळी धायटीनं माना टाकल्या. पानं लोंबली, फुलं सुकली. नर यायचा, एका फुलात चोच घालायचा, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. रिकामाच परत जायचा. वर पिल्लांचा चिवचिवाट चालूच.

मला वाटलं, झाड तहानलंय. वास्तविक जानेवारीपासून मीच नियम केला होता, शाळा सुटताना प्रत्येकानं बाटलीत उरलेलं पाणी धायटीला घालायचं. दोनशे बारा मुलं, दोनशे बारा बाटल्या! मुख्याध्यापक दबडे सरांना हे इतकं आवडलं की त्यांनी झाडाभोवती सिमेंटचं गोल आळं बांधून घेतलं, वर रंगीत फरशी लावली. सोमवारी ‘हरित शाळा’ स्पर्धेची तपासणी होती ना! पानं लोंबताना पाहून मी ओरडले, “अजून घाला रे! कंजूषपणा करू नका!”

पण झाड आणखीच मलूल झालं. मग मी टोच्यावर घसरले. टोच्या म्हणजे शाळेचा मृदावाचक यंत्रमानव (मातीतला ओलावा मोजणारं यंत्र). गुडघ्याएवढा, तीन चाकांचा, पुढे एक पोलादी सळई. ती मातीत टोचत फिरतो म्हणून टोच्या. बोलायला तो निवृत्त शिपाई भिवामामांकडून शिकला, त्यामुळे बोलतोही त्यांच्यासारखाच. जानेवारीत तो सारखा “पानी बास! पानी बास!” करायचा. मला वाटलं, मेला चिक्कू आहे. रागारागानं मी त्याच्या आवाजाचं बटण बंद करून टाकलं होतं.

ते मी आता चालू केलं. “बोल, ठोंब्या! झाड मरतंय आणि तू नुसता सळई खुपसत फिरतोस?”

“दोन म्हैनं मुका ठिवलंस आन् आता वरडतीस व्हय?” टोच्या म्हणाला. “नाक दाब.”

“काय?”

“नाक दाब आन् हातातली बाटली एका दमात पी. मधी श्वास घ्यायचा न्हाई.”

मी इरेला पेटून प्यायला लागले. चारपाच घोट झाले आणि जीव कासावीस झाला. बाटली खाली ठेवावीच लागली.

“पानी हातात व्हतं, मंग का न्हाई पिलीस?”

“श्वास कोंडला ना!”

“मुळांचं बी त्येच झालंय, पोरी. मातीच्या कणांमधी बारक्या फटी असत्यात. त्या फटीत हवा असती. मुळं ती हवा घेत्यात, तवा त्यास्नी पानी वर चढवायचं बळ येतं. तुमी रोज पानी वतलं. फटी भरल्या, हवा भाईर. सिमेंटच्या आळ्यातनं पानी जायाला वाट न्हाई. मुळं घुसमटली, कुजली. मेलेली मुळं पानी कशी वढणार? म्हून पानं तहानली. तुला वाटलं पानी कमी पडलं, आन् तू आनिक वतलंस.”

मी आळ्यातला चिखल चाचपून पाहिला. टोच्या मात्र थांबेना. “धायटी अवर्षणसहिष्णू हाय (पाऊस कमी पडला तरी तगणारी). मुरमात मूळ खोल घालती आन् तळातली वल शोधती. तिची फुलं नळीवानी, मध तळाशी. शिंजिराची चोच बराबर तितं पोचती आन् परागकण त्याच्या कपाळाला लागून दुसऱ्या फुलावर जात्यात. अमेरिकेत आसंच काम गुंजनपक्षी (हमिंगबर्ड) करत्यात, हवेत एका जागी थांबून. आपला शिंजीर बहुतेक फांदीवर बसून खातो. तिला माळ मानवतो, डबकं न्हाई.”

मला दबडे सरांचा राग आला, त्या फरशीचा आला, आणि सगळ्यात जास्त माझा मलाच आला. हा बिचारा जानेवारीतच ओरडत होता आणि मी दोन महिने त्याचं तोंड बंद ठेवलं!

मी बागेच्या खोलीतून टिकाव आणला आणि घातला घाव आळ्यावर. फरशी खणकन फुटली. दबडे सर धावतच आले.

“केतकी! सोमवारी तपासणी आहे! तुझ्या वडिलांना बोलावून घेतो!”

“बोलवा, सर! येताना पहार घेऊन या म्हणावं!”

सरांचा चेहरा लालबुंद झाला. तेवढ्यात टोच्यानं सळई खोल घालून वर काढली. टोकाला काळा चिखल आणि सडलेलं मूळ. असा घाण वास सुटला की सरांनी नाकाला रुमाल लावला. वर पिल्लं ओरडतच होती. सर त्या घरट्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात ठेवलं आणि माझ्या हातातला टिकाव घेतला.

आम्ही आळं फोडलं, पाण्याला उताराकडे चर काढला, सडका गाळ उपसून जाडाभरडा मुरूम भरला. उजवीकडच्या मेलेल्या फांद्या छाटल्या. डावीकडची मुळं चढाच्या बाजूला, जरा कोरडी असल्यानं जिवंत होती. बक्षीस अर्थातच गेलं. तपासनिसांनी वहीत ‘अंगणात राडारोडा’ असं लिहिलं. मला त्यांचाही राग आला.

मग मी पहाऱ्याला बसले. रोज शाळा सुटताना बाटल्या घेऊन रांग यायची आणि मी हाकलायचे. “दुष्ट आहेस तू!” असंसुद्धा मुलं म्हणाली. मी ऐकून घेतलं. सहाव्या दिवशी एक पिल्लू घरट्याखाली मरून पडलं. मी त्याला माळावर पुरलं आणि घरी जाऊन जेवले नाही.

नवव्या दिवशी डावीकडच्या फांदीवरच्या कळ्या फुटल्या. नर आला, चोच घातली आणि त्या फुलावरून हलेचना. उरलेलं पिल्लू आठवड्याभरात उडालं.

एप्रिलच्या शेवटी आम्ही धायटीचं बी गोळा केलं. पावसाळ्यात ते समोरच्या उघड्या माळावर टाकणार आहोत. पाच वर्षांनी तिथे किती शिंजीर येतील त्याचा हिशेब टोच्या आत्तापासूनच करत बसलाय.

काल पहिलीतली दुर्वा बाटली घेऊन आली. माझ्याकडे घाबरून बघत म्हणाली, “ताई, थोडंच घालते. त्याला तहान लागली असेल.”

मी ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. टोच्याला हाक मारली. त्यानं सळई टोचली.

“बास हाय,” तो म्हणाला.

“ऐकलंस?” मी दुर्वाला जवळ घेतलं. “आधी त्याला विचारायचं. आता हे पाणी तूच पी, केवढं ऊन आहे.”