आरशातला दिवा

उल्हासकाका वर आले होते ते मेथीच्या दोन जुड्या द्यायला. आखातातल्या त्या शहरात अल मवालेहच्या बाजारात गेले की ते बिल्डिंगमधल्या सगळ्या मराठी घरांसाठी भाजी आणत. मार्चमधला शेवटचा गुरुवार होता, सुट्टीच्या आदल्या दिवशीची रात्र. जेवणं उरकली होती. अल खौद वस्तीतल्या त्या तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत रुचिर हेल्मेटची काच पुसत बसला होता, आणि देविका सईला खांद्यावर थोपटत उभी होती.

"उद्या कुठे स्वारी?" काकांनी विचारलं.

"आदम गावापर्यंत, काका. पुढे वाळवंटात जरा आत शिरायचं, संध्याकाळी घरी. मी आणि रशीद, दोन गाड्या. यंदाची शेवटची राइड, पुढे ऊन झेपणार नाही."

"पुढे कोण?"

"रशीद. मी मागे."

काका खुर्ची ओढून बसले.

"आमच्या धनंजयचं तुम्हाला माहीत नसेल. माझ्याच ऑफिसात होता. त्यालाही हाच नाद. तो आणि अंबरीश म्हणून एक मित्र, असेच शुक्रवारी निघाले. धनंजय पुढे, अंबरीश मागे."

"काका, सई आत्ताच झोपलीये," देविका म्हणाली. खरं तर सईला काही ऐकू जात नव्हतं. भीती कोणाला वाटत होती ते तिला पक्कं ठाऊक होतं.

"हळू सांगतो. तर यांचा एक नियम. भर उन्हातही गाडीचा दिवा चालू. पुढच्याने आरशात मागच्याचा दिवा बघत राहायचं. दिवा दिसेनासा झाला की थांबायचं, वळायचं, मागे जायचं. हाका नाहीत, फोन नाही. तिथे रेंज कुठली?"

"आमचंही तेच," रुचिर म्हणाला.

"आदम सोडलं, डांबरी रस्ता सोडला. कच्ची वाट. सपाट. झाड नाही, दगड नाही. धनंजय आरशात बघायचा. दिवा आहे. तासभर गेला. दिवा आहे. याने वेग वाढवला, तोही तेवढाच जवळ. याने कमी केला... तोही तेवढाच लांब."

हेल्मेट पुसणारा हात थांबला.

"दुपारी एका टपरीपाशी धनंजय थांबला. उतरला. मागे वळून बघितलं. रस्ता मोकळा."

खाली कोणाची तरी गाडी गेली.

"धुरळासुद्धा नाही... पाच मिनिटं. दहा. मग गेला उलटा. अंबरीश सापडला तो आदमच्या जवळच. सकाळीच पडला होता. पाय मोडलेला. पाणी संपलेलं. गाडीच्या सावलीत बसला होता, तोंड पुढच्या रस्त्याकडे करून. त्याला खात्री होती ना... दिवा दिसला नाही की धनंजय येणारच."

"होता का तो... म्हणजे जिवंत?" रुचिरने विचारलं.

काकांनी मान हलवली. नाही.

"मग आरशात कोण होतं?" देविकाने विचारलं.

"धनंजय मलाही तेच विचारायचा. इथे होता तोवर रोज." काका उठले. "मेथी निवडून फ्रिजमध्ये ठेव गं. आणि रुचिर, दिवा तपासून निघ बाबा."

"काका, दिवा लागला नाही तर गाडी पार्किंगच्या बाहेरच काढणार नाही. शपथ."

हे वाक्य देविकाने उचलून ठेवलं.

बापलेक झोपल्यावर ती पार्किंगमध्ये गेली. सीटखालचा हेडलाइटचा फ्यूज काढायला रुचिरनेच तिला मागे कौतुकाने शिकवलं होतं. फिजिक्सची एम.एस्सी. बाई, भुताला भिऊन नवऱ्याची गाडी बिघडवते, असं स्वतःला म्हणत तिने तो लाल तुकडा उपसला आणि गाऊनच्या खिशात टाकला. सकाळी दिवा लागणार नाही, सुट्टीच्या दिवशी गालामधली दुकानं बंद, गॅरेज मिळणार नाही, आणि हा घरी राहील. इतकं साधं.

सकाळी सईने त्याच्या पायाला मिठी मारून आकांत केला. खाली रशीद हॉर्न वाजवत होता. उजाडलं होतं, लख्ख. रुचिरने सईला तिच्याकडे दिलं, हेल्मेट चढवलं आणि किक मारली. दिवा बघितलाच नाही.

सांगावं? देविकाने तोंड उघडलंही. पण काय सांगणार, आणि रशीदसमोर? शिवाय रशीद आरशात बघेलच. दिवा नाही म्हटल्यावर थांबेल. दोघं तासाभरात परत येतील, मग खाऊ बोलणी. तिने हात हलवला.

तासाभरात कोणी आलं नाही. तिने मेथी निवडली. सईला भात भरवला. रुचिरचा फोन लागेना. मग लागला आणि नुसताच वाजत राहिला. मग बंद.

दुपारी रशीदचा लागला. त्याच्या हेल्मेटमधल्या ब्लूटूथमधून वाऱ्याचा आवाज येत होता.

"हां भाभी, बोलिए!"

"रशीदभाई, रुचिर फोन नहीं उठा रहा."

"चलाते हुए कैसे उठाएगा? उसके हेल्मेट में ब्लूटूथ थोड़े ही है! आप भी ना, भाभी! पीछे ही है."

"आपने... देखा उसको?"

"आईने में लाइट दिख रही है ना. घर से निकले तब से देख रहा हूं. एक बार भी गुम नहीं हुई."

देविकाचा हात खिशात गेला.

"रशीदभाई, रुकिए. मुड़िए. वापस..."

वारा. खरखर. मग तेही नाही.

ती पुन्हा पुन्हा लावत राहिली. ओट्यावर मेथीच्या काड्या पडल्या होत्या, आणि त्यांच्याशेजारी तो लाल फ्यूज.